रास्पबेरीचा मोह आणि सीताफळाचा धडा

अवर्षणप्रवण मुलखातील शेतकऱ्याला नवे पीक सुचविणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सफेद मुसळी झाली, कोरफड झाली, जट्रोफा झाला, इमूसारखा परदेशी पक्षीही झाला. दर वेळी कागदावरचा हिशेब बिनचूक होता. चुकला तो फक्त शेतकरी. आता पाळी बेरीवर्गीय फळांची आलेली दिसते. मोठ्या शहरांतील दुकानांत प्लॅस्टिकच्या लहानशा डबीत मोजक्या तांबड्या रास्पबेरी ठेवलेल्या असतात आणि त्या डबीवरचा आकडा वाचला की, ज्वारी-तुरीच्या भावाची सवय झालेल्या डोळ्यांना तो खरा वाटत नाही. मोबाइलच्या पडद्यावर हिरव्यागार बागा दिसतात, आणि मग बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘हे आपल्याकडे का होऊ नये?’

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा आहे असे समजण्याचे कारण नाही. बार्शीतील शिक्षक, कारकून, बँकेतील कर्मचारी यांपैकी बहुतेकांचा एक पाय अद्याप गावाकडच्या काळ्या रानात रुतलेला आहे. पगारातून शिलकीत पडलेली रक्कम, निवृत्तीच्या वेळी हाती येणारा भविष्यनिर्वाह निधी, हे सारे पुष्कळदा दोन-तीन एकरांच्या फळबागेत जाते. वीस-तीस वर्षांच्या नोकरीची कमाई एका लागवडीच्या निर्णयावर अवलंबून राहावी, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणूनच रास्पबेरीच्या प्रश्नाचा विचार कुतूहलाने नव्हे, तर हिशेबाने करावयास हवा.

रास्पबेरीची कुळकथा

तांबडी रास्पबेरी ही गुलाबाच्या कुळातील, थंड प्रदेशातील वनस्पती. तिचे मूळ बहुवर्षायू असते, परंतु जमिनीतून वर येणारी छडी मात्र दोनच वर्षे जगते. पहिल्या वर्षी छडी केवळ वाढते, दुसऱ्या वर्षी तिला फुले-फळे येतात आणि त्यानंतर ती वाळून जाते. रास्पबेरीच्या निगेचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते. फळ देऊन झालेली छडी जमिनीलगत कापून टाकावी, नव्या छड्यांपैकी जोमदार तेवढ्याच ठेवाव्यात, ओळीच्या एका मीटरमध्ये आठ-दहांहून अधिक दाटी होऊ देऊ नये, आणि उरलेल्या छड्यांना तारांचा आधार द्यावा, अशी ती पद्धत आहे. ज्या बागाइतदाराला जुनी छडी आणि नवी छडी यांतील फरक ओळखता येत नाही, तो पुढच्या वर्षीचे पीक आपल्याच कात्रीने कापून टाकतो. काही जाती पहिल्याच वर्षाच्या छडीवर शरद ऋतूत फळ देतात. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील संशोधन केंद्रातून १९६९ साली प्रसृत झालेली ‘हेरिटेज’ ही त्यांतील प्रसिद्ध जात. अशा जातींच्या बाबतीत हिवाळ्याच्या अखेरीस सगळ्याच छड्या भुईसपाट केल्या तरी चालते. छाटणीचे काम त्यामुळे पुष्कळच सोपे होते.

जमीन किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेसहा सामूची, भुसभुशीत आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी हवी. पाणी साचले की मुळे कुजतात, आणि एकदा हा रोग जमिनीत शिरला की पुन्हा त्याच जागी लागवड करणे व्यर्थ ठरते. सेंद्रिय आच्छादन हवे, नियमित परंतु बेताचे पाणी हवे. मावा किडीमार्फत पसरणारे विषाणुरोग या पिकाला जर्जर करतात. त्यामुळे युरोप-अमेरिकेत विषाणुमुक्त असल्याची खात्री केलेल्या मातृवृक्षांपासूनच रोपे तयार करण्यावर भर दिला जातो. सर्वांत महत्त्वाची अट मात्र थंडीची. हिवाळ्यात झोपी गेलेल्या डोळ्यांना पुन्हा जागे होण्यासाठी, दुसऱ्या वर्षी फळणाऱ्या बहुतेक जातींना सात अंश सेल्सिअसच्या खालची थंडी सुमारे ८०० तास वा त्याहूनही अधिक काळ लागते. पहिल्याच वर्षी फळणाऱ्या जातींची ही गरज कमी असली, तरी उन्हाळा सौम्य असावा ही अपेक्षा त्यांचीही असते.

बार्शीची माती, बार्शीचे ऊन

आता या अटी बार्शीच्या शिवारापुढे मांडून पाहाव्यात. येथील काळी जमीन चुनखडीयुक्त. तिचा सामू बहुधा आठच्या आसपास. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. द्राक्ष आणि लिंबूवर्गीय फळांच्या बागाइतदारांना हे लक्षण चांगले परिचयाचे आहे. पावसाळ्यात हीच काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यातील किमान तापमान एक आकडी झाले तर ती बातमी ठरते. आठशे तासांची थंडी येथे कोठून आणावयाची?

विज्ञानाने ही अडचण दूर होत नाही असे नाही. परदेशात छड्या शीतगृहात ठेवून त्यांना कृत्रिम हिवाळा दिला जातो. नंतर त्या नारळाच्या काथ्याने भरलेल्या कुंड्यांत, प्लॅस्टिकच्या बोगद्याखाली लावतात. मेक्सिकोने अशा बोगद्यांच्या आधारे अमेरिकी बाजारपेठेत मोठे स्थान मिळविले. बार्शीतही पैसा ओतला तर रास्पबेरी उगवेल, यात शंका नाही. पण ‘उगवेल का’ हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न झाला. ‘परवडेल का’ हा अर्थशास्त्राचा. माती विकत, थंडी विकत, सावली विकत आणि टँकरने आले तर पाणीही विकत, अशा शेतीत शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचे काय उरते? ज्या गोष्टी निसर्ग दुसऱ्याला फुकट देतो, त्याच गोष्टी विकत घेऊन त्याच्याशी स्पर्धा करणे, हा व्यापारातील सर्वांत महागडा हट्ट होय.

महाबळेश्वरचा दाखला येथे वारंवार दिला जातो. तेथील स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाजारात तिच्या शेजारी रास्पबेरी व तुतीही मांडलेली असते. परंतु महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तेथील जमीन तांबडी, आम्लधर्मी आणि निचऱ्याची आहे. दुसरी गोष्ट अशी की, तेथे गिऱ्हाईक फळाकडे चालत येते. सकाळी तोडलेले फळ दुपारी पर्यटकाच्या हातात पडते. बार्शीला भगवंताच्या दर्शनास येणारा भाविक आणि महाबळेश्वरला हवापालटासाठी येणारा प्रवासी यांच्या खिशांत आणि अपेक्षांत अंतर आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

दर म्हणजे नफा नव्हे

नाशवंतपणा हा रास्पबेरीचा स्थायीभाव आहे. फळ तोडताना त्याचा पांढरा गाभा देठाबरोबर झाडावरच राहतो आणि हातात येते ते पोकळ टोपीसारखे नाजूक फळ. साध्या हवेत ते एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. तोडल्यापासून काही तासांच्या आत त्याला शीतगृहात न्यावे लागते आणि नंतर ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत थंडीची ही साखळी कोठेही तुटून चालत नाही. सर्बियातील लहान लहान शेतकरी जगभर रास्पबेरी पाठवितात. परंतु त्यातील फार मोठा भाग गोठविलेल्या स्वरूपात जातो, आणि त्यामागे गावोगावी उभी राहिलेली शीतगृहे आहेत. तेथे शीतगृह बागेच्या जोडीने उभे राहिले. आपल्याकडे बाग आधी लावली जाते आणि शीतगृहाची मागणी मालाचे ढीग सडू लागल्यावर होते.

बार्शीची व्यापारी परंपरा मोठी आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने या गावाला मुख्य लोहमार्गाशी जोडले आणि मराठवाड्याच्या सीमेवरील ही बाजारपेठ भरभराटीस आली. परंतु ही परंपरा टिकणाऱ्या मालाची आहे. ज्वारी पेवात वर्षानुवर्षे राहू शकते; तूर गोदामात भावाची वाट पाहू शकते. शेतकऱ्याचे सौदा करण्याचे बळ या थांबण्याच्या शक्तीत असते. ज्याचा माल दोन दिवसांत सडतो, त्याला भाव ठरविता येत नाही. समोरचा देईल तो घ्यावा लागतो. चढा दर हे पुष्कळदा नफ्याचे नव्हे, जोखमीचे माप असते. डबीवरच्या आकड्यात सडलेल्या, फेकलेल्या आणि वाटेत चेंगरलेल्या फळांची किंमत सामावलेली असते.

दरासंबंधी आणखी एक भ्रम दूर व्हावयास हवा. आजचा दर आजच्या पुरवठ्याचा असतो. एकाने बाग लावली तर तो त्याला मिळेल. शंभरांनी लावली तर तो कोणालाच मिळणार नाही. एकट्यापुरते खरे असलेले विधान सर्वांपुरते खरे मानणे, ही अर्थशास्त्रातील जुनी चूक आहे. फळबागेत ती अधिक घातक ठरते, कारण ज्वारीचा भाव पडला तर पुढच्या हंगामात पीक बदलता येते. बाग मात्र उपटून टाकावी लागते. सोलापूर जिल्ह्याने हे डाळिंबाच्या बाबतीत अनुभवले आहे. या पिकाने जिल्ह्याला वैभव दिले, २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आले, २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि याच डाळिंबाच्या हजारो झाडांवर तेल्या रोगामुळे कुऱ्हाड चालविण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली. इतक्या अनुकूल पिकाची ही कथा, तर प्रतिकूल पिकाची काय असेल?

गोरमाळ्याचे उत्तर

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कोणी धाडस केलेच नसते तर सोलापूर जिल्ह्यात द्राक्षे तरी कशी आली असती? आक्षेप रास्त आहे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद’ या द्राक्षजाती आपल्याच मळ्यात निवडून काढल्या, तेव्हा त्यांनीही रूढ वाट सोडलीच होती. परंतु धाडस आणि अनुकरण यांत भेद आहे. काळे यांनी दुसऱ्या देशाची हवा विकत आणली नाही. आपल्या वेलींत उमटलेला फरक डोळसपणे हेरला आणि जोपासला. याच जातीचे दुसरे उदाहरण खुद्द बार्शी तालुक्यात, गोरमाळे येथे आहे. तेथील नवनाथ कसपटे यांनी सीताफळाच्या झाडांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून ‘एनएमके-१’ अर्थात ‘गोल्डन’ ही जात निवडली. मोठे फळ, भरपूर गर, कमी बिया आणि तुलनेने अधिक टिकाऊपणा या गुणांमुळे ती महाराष्ट्राच्या सीमेपलीकडेही पोहोचली.

सीताफळ हे मुळात परदेशीच. उष्ण कटिबंधातील अमेरिकेतून ते भारतात आले. तेव्हा येथे स्वदेशी-परदेशीचा वाद नाही. प्रश्न पटण्याचा आहे. सीताफळाला बार्शीची हवा पटली. उन्हाळ्यात ते पाने गाळून निमूटपणे तग धरते. शेळ्या त्याच्या कडवट पानांना तोंड लावत नाहीत. हलक्या, मुरमाड, चुनखडीच्या जमिनीतही ते वाढते. पावसाची ओल आली की फुलते. दुष्काळी मुलखाला साजेसा स्वभाव म्हणतात तो हा.

गंमत अशी की, रचनेच्या दृष्टीने रास्पबेरी आणि सीताफळ ही एकाच प्रकारची फळे आहेत. एका फुलातील अनेक स्वतंत्र स्त्रीकेसरांपासून अनेक लहान फळे तयार होतात आणि ती मिळून एक फळ दिसते. रास्पबेरीचा प्रत्येक मणी आणि सीताफळाचा प्रत्येक डोळा हा असा वेगळा घटक असतो. परागीभवन अपुरे झाले तर रास्पबेरी भुरभुरते आणि सीताफळ वाकडे-तिकडे होते. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतात. त्यामुळे नैसर्गिक फळधारणा मुळातच कमी असते आणि ती बारीक भुंगेऱ्यांवर अवलंबून राहते. चांगला बागाइतदार म्हणूनच कीटकनाशकाची फवारणी फुलांच्या दिवसांत जपून करतो, बागेत ओलावा राखतो आणि काही ठिकाणी हाताने परागीभवनही करतो. छाटणी, ठिबकने बेताचे पाणी, पिठ्या ढेकणाचा वेळीच बंदोबस्त, फळाचे डोळे उघडताच तोडणी : या साऱ्या गोष्टींत कौशल्य लागते, पण ते बार्शीच्या माणसाला जमणारे, आवाक्यातले कौशल्य आहे.

अर्थात सीताफळ म्हणजे कल्पवृक्ष नव्हे. तेही पिकल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडते. त्याची लागवड जसजशी वाढेल, तसतसा त्याचाही भाव हंगामात कोसळणारच. गर काढून तो गोठविण्याचे उद्योग तालुक्यातच उभे राहिले नाहीत, तर सीताफळाची गत इतर फळांहून वेगळी होणार नाही. परंतु सीताफळाची अडचण बाजारापुरती आहे, आणि ती प्रयत्नाने सुटणारी आहे. रास्पबेरीची अडचण बाजाराबरोबर हवेचीही आहे. दोन अडचणींपैकी एकच अंगावर घेणे, हे शहाणपण होय.

रोपांच्या बाजारातील अंधार

तथापि खरा धोका पिकाच्या निवडीपेक्षाही रोपाच्या खरेदीत आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, जेथे मालाची प्रत विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कलमाचा बाजार हा त्याहूनही अंधारा आहे. जुनी मोटार आठ दिवसांत आपला दोष दाखवते. कलमाचा दोष कळावयास तीन वर्षे लागतात. नामांकित जातीचे नाव सांगून बियांपासूनचे साधे रोप विकले गेले, तर पहिले फळ हाती येईपर्यंत शेतकऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या तीन वर्षांची किंमत किती? समजा, एका एकरावर आरंभी दोन लाख रुपये खर्च झाले आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी प्रत्येकी पन्नास हजार. दहा टक्के चक्रवाढ व्याजाने तिसऱ्या वर्षाअखेर हा बोजा ३ लाख ८१ हजार ७०० रुपये होतो. यात बुडालेल्या ज्वारीचे आणि कडब्याचे मोल धरलेले नाही. चुकीच्या रोपाची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते, ती अशी असते.

या बाजारात उजेड पाडण्यासाठी कायदे नाहीत असेही नाही. फळझाडांच्या रोपवाटिकांना परवाना सक्तीचा करणारा कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला. केंद्राच्या २००१ सालच्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. नोंदणीकृत वाण विकणाऱ्या पैदासकाराने, कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्नाची अपेक्षा धरावी हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे, आणि तसे उत्पन्न न आल्यास शेतकऱ्याला प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते, अशी तरतूद त्यात आहे. हाच कायदा वाण निर्माण करणाऱ्या शेतकऱ्यालाही पैदासकाराचा दर्जा देतो. वृक्षवर्गीय वाणांना अठरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकते. म्हणजे ज्याने वाण शोधला त्याचा हक्क आणि ज्याने रोप घेतले त्याची फसवणुकीपासून सुटका, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत. उणीव आहे ती अंमलबजावणीची, आणि त्याहूनही पावती मागण्याच्या सवयीची.

करावयाचे काय?

उपाय मोठे नाहीत. प्रत्येक रोपवाटिकेने कोणत्या मातृवृक्षाची काडी आणि कोणता खुंट वापरला याची नोंद दाखवावी. बाजार समितीने आणि कृषी खात्याने परवानाधारक रोपवाटिकांची यादी ठळक फलकावर लावावी. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालून महाराष्ट्राने कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारी फळझाड नेले. अशा सरकारी अनुदानाबरोबर अस्सल कलमाची हमीही आली पाहिजे. नवीन पिकांचे प्रयोग अवश्य व्हावेत. ते कृषी विद्यापीठांनी आणि संशोधन केंद्रांनी सरकारी खर्चाने करावेत, आणि त्यांचे यश जेवढ्या उत्साहाने सांगितले जाते, तेवढ्याच प्रामाणिकपणे अपयशही जाहीर व्हावे. रास्पबेरीचेच संशोधन करावयाचे तर हिमालयातील हिसालू आणि सह्याद्रीच्या माथ्यावर रानटी वाढणारे तिचे भाऊबंद हे अभ्यासाला अधिक योग्य आहेत. ज्याला हौसच आहे, त्याने परसातील दोन कुंड्यांत रास्पबेरी लावून पाहावी. तिच्या अपयशाने कोणाचे कर्ज थकणार नाही.

शिकलेल्या वर्गाचे एक कर्तव्य येथे उरतेच. घरातील ज्या माणसाला अर्ज वाचता येतो, व्याजाचा हिशेब करता येतो आणि पावतीवरचा बारीक मजकूर समजतो, त्याने तो गावाकडे जाऊन वाचावा. भाऊ किंवा चुलता जेव्हा नव्या फळाची गोष्ट उत्साहाने सांगतो, तेव्हा त्याला हसण्याऐवजी चार प्रश्न विचारावेत : या फळाला लागणारी थंडी आणि माती आपल्याकडे आहे काय, तोडल्यावर दुसऱ्या दिवशी ते कोठे जाईल, रोप कोणत्या झाडाचे आहे, आणि बाग फसली तर घर कशावर चालेल. या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर बाग खुशाल लावावी. न मिळाली तर त्या वर्षी ज्वारी पेरावी. ज्वारीने बार्शीला श्रीमंत केले नसेल. पण एका हंगामाच्या चुकीसाठी वीस वर्षांची शिल्लकही तिने कधी मागितली नाही.